शिराझची रेड वाईन सपक लागते, पीएच ३.९२. दोष मुरमाचा की आमच्या हाताचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कवठेमहांकाळ तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. तीन एकर सोनाका, त्याचा बेदाणा करतो. उरलेला एकर शिराझ, म्हणजे वाईनचं काळं द्राक्ष, वडिलांनी २००८ साली लावलेला. तेव्हा पलूसच्या वाईन पार्कची चर्चा घरोघरी होती. पुढे माल उचलणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि भावकीतल्या बहुतेकांनी वाईनची झाडं काढली. वडिलांनी काढली नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकर आला की पहिलं पाणी याच एकराला जायचं.

यंदा ओळखीच्या एका परवानाधारक वायनरीने पहिल्यांदाच आमच्या मालाची वेगळी टाकी लावली. वास सुरेख आलाय, काळी मिरी आणि पिकलेलं जांभूळ. पण घोट घेतला की तोंडाला पाणी सुटत नाही, चव जिभेवर पसरते आणि तिथंच बसते. रंगही लालभडक नाही, मळकट जांभळा आहे. तोडणीच्या दिवशीचे रसाचे आकडे: ब्रिक्स (साखर) २५.५, पीएच ३.९२, आम्लता लिटरला ४.६ ग्रॅम.

जमीन उताराची, मुरमाड, दीड फुटाखाली कच्चा खडक. खुंट (ज्याच्या मुळांवर कलम केलंय ती वेल) डॉगरीज, पाणी ठिबकनं. गोडी छाटणी (फळासाठीची) २० ऑक्टोबरला, तोडणी ८ मार्चला. जीए (मणी फुगवायचं संजीवक) वापरत नाही. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरू लागली, की सोनाक्याला सोडतो तसं ०-०-५० हे पालाशचं (पोटॅशियमचं) खत इथंही दोनदा सोडलं. शेवटच्या दहा दिवसांत ऊन असं तापलं की साखर रोज वर चढत होती, पण बी चावून पाहिलं तर अजून हिरवं, तुरट.

वडील म्हणाले, "आपला मुरूम बेदाण्याचा. रेड वाईन हितं व्हायची न्हाई." अठरा वर्षं ज्या माणसानं ही झाडं जपली, त्याच्या तोंडून हे ऐकवलं नाही. खरंच जमिनीचा दोष आहे का? छाटणी लवकर घेऊ का? आणि टाकीत आहे त्या वाईनचं काही करता येईल का?

प्रतिसाद (वायनरीत काम करतो)

दादा, मुरमाला बोल लावू नका. निचरा होणारी उथळ जमीन वेलीला आवरून धरते, काळ्या रानापेक्षा ती कधीही बरी. माझी नजर तुमच्या ०-०-५० वर गेली. खायच्या द्राक्षाला आणि बेदाण्याला ते चालतं. वाईनच्या द्राक्षात मात्र पालाश मण्यात साठतो आणि द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाला धरून त्याचे खडे होऊन खाली बसतात. आम्ल घटतं, पीएच चढतो. त्यात डॉगरीज मुळातच पालाश जास्त ओढतो. मळकट रंगही त्याचाच. पीएच चढला की लाल रंगद्रव्य आपला लालपणा सोडतं.

पुढच्या हंगामात आधी देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) करा, मगच पालाशचं ठरवा. घडांवर दाट सावली असेल तर सकाळच्या उन्हाच्या बाजूची थोडी पानं काढा. मावळतीची काढू नका, मणी भाजतील. आम्ल वाढवायला टार्टारिक रसातच, आंबवण सुरू व्हायच्या आधी घालतात. साधारण लिटरला एक ग्रॅम घातलं की पीएच ०.१ उतरतो, पालाश जास्त असेल तर त्याहून कमी. तयार वाईनमध्ये आधी बाटलीभर घेऊन चाचणी करायला सांगा. आणि वाईन टिकवायला घालतात त्या गंधकाची मात्रा तपासायला लावा. ३.५ पीएचला जेवढी पुरते, त्याच्या दुपटीहून जास्त ३.९ ला लागते. ती कमी पडली तर वाईन टिकणार नाही. हे या आठवड्यातच बघा.

प्रतिसाद (तासगाव)

छाटणी सप्टेंबरच्या मध्यावर घेतली तर माल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. तेव्हा रात्री गार असतात, आम्ल टिकतं आणि बी पिकायला वेळ मिळतो. पण परतीच्या पावसात पोंगा अवस्था (नुकती फूट निघण्याची वेळ) सापडली की दावण्या हा बुरशीचा रोग येतो, घड जिरतात. एकदम सगळा एकर नको, चार ओळींवर करून बघा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. वायनरीत आजच फोन केला, गंधक उद्या तपासतील. वडिलांना पालाशचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चार वळी सप्टेंबरात छाटू. त्यातल्या दोनला ०-०-५० सोडायचं न्हाई." आता एवढंच सांगा, देठ परीक्षणाला देठ फुलोऱ्यात घ्यायचे की पाणी उतरताना? आणि चारही ओळींचे वेगवेगळे द्यायचे का?