अक्षरांऐवजी आकडे? आधी नम लॉक बघा

जुना कीबोर्ड लावून काढला तेव्हापासून लॅपटॉपवर जे, के, एल दाबलं की १, २, ३ उमटतात, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून फॉरमॅट मारू नका, आणि दुकानदार म्हणतो म्हणून कीबोर्ड तर मुळीच बदलू नका. हा नम लॉक आहे, म्हणजे आकड्यांच्या कळा (नंबरपॅड) चालू-बंद करणारी कळ. बऱ्याच लहान लॅपटॉपमध्ये नंबरपॅड अक्षरांतच दडलेला असतो: यू-आय-ओ म्हणजे ४-५-६, एम म्हणजे ०. बाहेरच्या कीबोर्डवर नम लॉक लागलं की विंडोज ते लॅपटॉपलाही लावतं, आणि वायर काढली तरी ते तसंच राहतं.

तोच कीबोर्ड परत जोडा, नम लॉकचा दिवा विझवा, मग काढा. तो हाताशी नसेल तर एफएन (Fn) कळ धरून नम लॉक दाबा. तशी कळच नसेल तर सेटिंग्जमधून माउसनेच ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा (नाव टाइप करायला जाल तर त्यातल्या ओ आणि केचेही आकडे होतील), ऑप्शन्समध्ये न्यूमरिक कीपॅड चालू करा आणि तिथलं नम लॉक बंद करा.

एकच अक्षर आपोआप धावत असेल तर मात्र जुन्या कीबोर्डची कळ अडकलीय. आपल्याकडची धूळ, त्यात उन्हाळाभर कूलरची दमट हवा, कळा चिकटतातच.

आणि जुन्या कीबोर्डची पिन जांभळी, गोल (यूएसबीच्या आधीची, पीएस/२) असेल तर बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) चिपवालाच यूएसबी कन्व्हर्टर मागा. साधा अडॅप्टर नुसत्या तारा जोडतो, बऱ्याच जुन्या कीबोर्डांना तो चालत नाही.