अनुभव धागा : ‘मिस्टर काय करतात?’

नवरात्र जवळ आलं की हा प्रश्न मला वर्षभरात सगळ्यात जास्त ऐकू येतो. घटस्फोटाला चार वर्षं झाली, बडोद्यात कारेलीबागेत राहते, नोकरी बरी आहे. परवा खंडेराव मार्केटात आईची जुनी शेजारीण भेटली. तोंडली निवडता निवडता म्हणाली, “मिस्टर काय करतात गं हल्ली?” माझ्या तोंडून निघालं, “बाहेरगावी असतात.” खोटं नाही म्हणा, तो सुरतेलाच असतो, दुसऱ्या बायकोबरोबर. पण घरी येऊन स्वतःचाच राग आला. बडोदेकर मैत्रिणींनो, तुम्ही काय सांगता? खरं लिहा. नावं नकोत, आणि सल्ले जरा कमी.

रावपुऱ्यातून
मी ‘नाहीत’ एवढंच म्हणते. ऐकणारी समजते की वारले, आणि हळदीकुंकवाला बोलवायचं बंद करते. कटकट मिटली!

सयाजीगंज, दोन मुलांची आई
पासपोर्टच्या फॉर्मला मी सहा महिने घाबरून होते. मग कळलं की डिसेंबर २०१६ मध्येच नियम बदललेत. घटस्फोटित किंवा विभक्त असाल तर नवऱ्याचं नाव लिहावं लागत नाही, कोर्टाच्या हुकमाची प्रतही मागत नाहीत. खिडकीवरच्या मुलीने खरोखरच काही विचारलं नाही. खुशीत घरी आले, तर लिफ्टपाशी वॉचमन म्हणतो, “साहेब देखाता नथी?” (साहेब दिसत नाहीत?) सरकार सुधारलं, वॉचमन सुधारायचाय.

प्रतापनगर, वय चौऱ्याहत्तर
नात टाइप करते आहे, मी सांगते आहे. माझे वडील शिक्षक, सयाजीरावांचे भक्त. देशभरातल्या हिंदूंना घटस्फोटाचा कायदा १९५५ साली मिळाला, आपल्या बडोदा संस्थानात तो १९३१ सालीच झाला, हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. १९७५ साली मी पेटी घेऊन माहेरी आले, तेव्हा त्यांनी आधी रस्त्याकडची खिडकी लावली आणि मग हळू आवाजात म्हणाले, “आपल्यात असं नाही होत.” दोघांच्या संमतीने वेगळं होण्याची सोय तेव्हा नव्हतीच, ते कलम पुढच्या वर्षी आलं. त्याआधी कोर्टात एकमेकांचे दोष सिद्ध करा. माझ्याने ते झालं नाही, नंतर कुणी विषयच काढला नाही. चाळीसहून जास्त वर्षं मंगळसूत्र घालून शाळेत नोकरी केली. कुणी विचारलं तर “फिरतीवर असतात.” त्यांचं रिटायर व्हायचं वय उलटलं तेव्हा मात्र उत्तर बदलावं लागलं. ते गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं.

मकरपुरा
मावशी, वाचून हात थांबला माझा.
माझं वेगळंच. शेजारीण गुजराती, ती ‘छूटाछेडा’ म्हणते. लग्नात दोघांच्या वस्त्रांची टोकं बांधतात ना, ती त्यांची छेडाछेडी. गाठ सुटली की छूटाछेडा. घटस्फोट म्हटलं की मला आपलं मडकं फुटल्याचाच आवाज येतो. म्हणून मी आता मराठीतही सांगते, “छेडे सुटले आमचे.” समोरचीला अर्थ लागेपर्यंत मी जिना चढून गेलेली असते.

अलकापुरीत नोकरी, घर मांडवीजवळ
आमचं संमतीने झालं. दोन अर्जांच्या मधे सहा महिने थांबलो. २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे कोर्ट ती मुदत माफ करू शकतं, हे आमच्या वकिलांनी सांगितलंच नाही. दुसऱ्या तारखेला सगळं उरकलं तेव्हा दोन वाजले होते, पोटात काही नव्हतं, म्हणून दोघं शेजारच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव-उसळ खायला गेलो. तो सवयीने लारीवाल्याला म्हणाला, “यांना तरी कमी घाला.” कोर्टात डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या बशीत आलं. लारीवाल्याला वाटलं तिखट लागलं, त्याने ताकाचा ग्लास पुढे केला.

दांडिया बाजार
मी विचारणाऱ्यांतली आहे. वाईट हेतू नसतो हो, बोलायला दुसरं सुचत नाही. आमच्या वेळी बाईशी बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. गेल्या महिन्यात एकीला विचारलं, तर ती म्हणाली, “काकू, मी काय करते ते विचारा ना.” विचारलं. ती बँकेत ऑडिट करते. अर्धा तास बोलत होतो, माझ्या मुदतठेवीतली चूकही तिनेच दाखवली.

कारेलीबाग (मीच)
प्रतापनगरच्या मावशी, एक विचारू? मंगळसूत्राचं काय केलंत?

प्रतापनगर
काढून डब्यात ठेवलं. सुटे पैसे ठेवते त्याच. रिक्षासाठी दहा-वीस काढायला गेलं की हाताला लागतं.