चरित्रपटात किती लिबर्टी चालते तुम्हाला?

फिल्लमबाज:
ॲटनबरोचा 'गांधी' (१९८२) परत बघितला. दक्षिण आफ्रिकेतला तो पास (तिथल्या भारतीयांची सरकारी नोंदणी-सर्टिफिकेटं) जाळायचा सीन आठवतोय ना, गांधी एकेक कार्ड आगीत टाकतायत, पोलीस दंडुका हाणतोय, ते खाली पडतात तरी हात परत आगीकडे जातोच. अंगावर काटा येतो दर वेळी. मग म्हटलं जरा वाचू या खरं काय झालं होतं, तर खरी होळी झाली १६ ऑगस्ट १९०८ ला, जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या मैदानात, मोठी कढई ठेवून २,००० च्या आसपास सर्टिफिकेटं रॉकेल ओतून पेटवली, आणि मारहाण वगैरे काही नाही. पिक्चरमध्ये तर ट्रेनमधून ढकलल्यावर (म्हणजे १८९३!) लगेचच हे येतं. आता मला कळेना की चिडावं की सोडून द्यावं. तुम्ही काय करता?

संकलक_जुना:
सोडून दे. ५०-५५ वर्षांचा काळ १९१ मिनिटांत बसवायचाय, तारखा पुढेमागे होणारच. धारासनाच्या मिठाच्या सत्याग्रहातला तो अमेरिकन पत्रकार वॉकर, तोही त्या नावाचा कोणी नव्हता, खरी बातमी वेब मिलरची. काय बिघडलं? जे घडलं त्याचा अर्थ तोच राहिला.

ऋता_क:
तारखांचं ठीक आहे हो, पण मार कुणी दिला ते बदललं की अर्थ बदलतोच. गांधींना त्याच वर्षी फेब्रुवारीत खरंच मारलं होतं, बेशुद्ध पडेपर्यंत, पण गोऱ्या पोलिसाने नाही, मीर आलम नावाच्या पठाणाने, आपल्याच माणसाने! का, तर तिथल्या सरकारातल्या स्मट्सशी तडजोड करून स्वखुशीने नोंदणी करा म्हणाले म्हणून. आणि पुढचं ऐका, ऑगस्टच्या त्या होळीला हाच मीर आलम आला, माझं चुकलं म्हणाला आणि स्वतःचं सर्टिफिकेट जाळायला गांधींच्या हातात दिलं. गांधींनीच लिहून ठेवलंय हे. एवढा तयार सीन आयता पडलेला असताना दंडुकेवाला पोलीस कशाला आणायचा सांगा मला.

संकलक_जुना:
@ऋता_क सीन भारीच आहे, मान्य. पण तो घ्यायचा तर आधी स्मट्सची तडजोड समजवा, मग लोक का भडकले ते, मग सरकारने शब्द फिरवला ते. सहज पंधरा मिनिटं जातात आणि गांधी अजून भारतात आलेलेच नाहीत. पटकथा लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा एकदा.

निळी_शाई:
तुम्ही लोक दाखवलं त्यावर भांडताय, मी न दाखवलेल्यावर बोलते. तीन तासांच्या पिक्चरमध्ये बाबासाहेब नाहीतच. सप्टेंबर १९३२, येरवडा, उपोषण, पुणे करार, सगळं गायब. गांधींसमोर गोरा साहेब आणि जिना सोडून तोडीस तोड वाद घालणारा कोणी नव्हताच असं वाटतं बघून. तारीख चुकली तर कुणीतरी दुरुस्त करतं, माणूसच वगळला तर बाहेरच्या प्रेक्षकाला कळणार तरी कसं?

टाइमपास_नको:
+१ निळी_शाई. उलट बाजूचं उदाहरण 'सेल्मा' (२०१४), मार्टिन ल्यूथर किंगच्या मतदान हक्काच्या लढ्यावरचा. किंगची मूळ भाषणं वापरता आली नाहीत, हक्क दुसरीकडे गेलेले, म्हणून दिग्दर्शिकेने त्या ढंगात नवीन लिहिली. खोटी आहेत पण ऐकताना कुठे खटकत नाही. खटकतो तो अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन. तो एफबीआयच्या हूवरला फोन लावायला सांगतो आणि पुढे किंगला बदनाम करणारी ती घाणेरडी टेप किंगच्या घरी पोचते, म्हणजे प्रेक्षक काय समजणार? किंगच्या फोन टॅपिंगची परवानगी ऑक्टोबर १९६३ मध्ये तेव्हाचा ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडीने दिली होती, तेव्हा जॉन्सन अध्यक्षही नव्हता. मतदान हक्काचा कायदा सही करून आणला तो याच माणसाने. नाट्य हवं म्हणून दुसऱ्याचं पाप त्याच्या नावावर टाकायचं हे मला नाही पटत.

फिल्लमबाज:
मीर आलमचं वाचून आता जास्तच चिडलोय, थॅंक्यू ऋता 😄 म्हणजे काळ दाबा, पत्रकार नवा बनवा, चालेल, पण काठी कुणाच्या हातात होती ते बदलू नका, असं काहीसं होतंय माझं मत. निळी_शाई, करारावर बघण्यासारखं काही आहे का?

निळी_शाई:
जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' बघा, २००० चा. मामुट्टी बाबासाहेब, मोहन गोखले गांधी. येरवड्याचा तोच प्रसंग टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दिसतो. त्यातल्या लिबर्टीवर हवं तर वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.