संमोहनाखाली आठवलेलं कोर्टात चालावं का?

काळा कोट :
साक्षीदाराला संमोहित करून मिळवलेली जबानी टेक्सासमध्ये फौजदारी खटल्यात आता चालत नाही. २०२३ मध्ये तसा कायदाच झाला. त्याआधी, २०२१ मध्ये, तिथल्या राज्य पोलिसांनी आपला संमोहनाचा कार्यक्रम गुंडाळला होता. हा विषय ऐरणीवर आला तो चार्ल्स फ्लोरेसच्या खटल्यामुळे.

जानेवारी १९९८, डॅलसजवळचं फार्मर्स ब्रँच. एका बाईंचा राहत्या घरात खून झाला. शेजारणीने सकाळी खिडकीतून दोघांना गाडीतून उतरताना पाहिलं होतं. तिचं पहिलं वर्णन असं : दोघेही गोरे, केस लांब. काही दिवसांनी एका पोलिस अधिकाऱ्याने तिला संमोहित केलं. त्याचा हा पहिलाच प्रयोग. सत्र संपवताना तो तिला म्हणाला की पुढे तुला आणखी आठवत जाईल. नंतर दाखवलेल्या फोटोंत फ्लोरेसचाही होता, पण तिने ओळखला नाही. तेरा महिन्यांनी कोर्टात आरोपीच्या जागेवर बसलेला फ्लोरेस तिने पाहिला. लॅटिनो, केस बारीक कापलेले. आणि ती ठामपणे म्हणाली, हाच तो. शिक्षा मृत्युदंड. २०१६ मध्ये ठरलेल्या तारखेच्या काही दिवस आधी स्थगिती मिळाली.

पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत कुठेतरी फुटतो, कारण आपण खोटं बोलतोय हे त्याला माहीत असतं. संमोहित साक्षीदार फुटत नाही. तो त्याच्या परीने खरंच बोलत असतो. अशा माणसाला वकिलाने विचारायचं तरी काय? माझं मत स्पष्ट आहे : सरसकट बंदी हवी.

खाकी (निवृत्त) :
वकीलसाहेब, तपास आणि खटला यांत तुम्ही गल्लत करताय. फ्लोरेसविरुद्ध परिस्थितिजन्य पुरावाही होता, तो तुम्ही सोयीने वगळलात. आणि चौचिलाचं काय? १९७६, कॅलिफोर्निया. शाळेची बस अडवून २६ मुलं आणि ड्रायव्हर एड रे यांना पळवलं आणि खाणीत पुरलेल्या एका ट्रेलरमध्ये कोंडलं. ते आतून वाट काढून सुटले. पुढे रे यांना संमोहित केल्यावर अपहरणकर्त्यांच्या व्हॅनचा नंबर आठवला, एक आकडा सोडून बरोबर.

ठोकून पळालेल्या गाडीच्या केसमध्ये साक्षीदार सांगतो, "पांढरी होती, शेवटी सात होता बहुतेक." आरटीओकडून मिळालेली यादी घेऊन बसा मग रात्रभर. त्यात आणखी एक आकडा मिळाला तर कुणाला नको आहे? जबानी नका वापरू, नंबर तर घ्या!

काळा कोट :
चौचिला हे नेहमीचं हुकमी पान. पण ती खाण आरोपींपैकी एकाच्या वडिलांची होती. मुलं तिथूनच बाहेर आली म्हटल्यावर पोलिस त्या घरापर्यंत पोचलेच असते.

आणि "नुसता नंबर घ्या" म्हणता तेव्हा त्या साक्षीदाराचं पुढे काय होतं? नंबर मिळतो, माणूस सापडतो, खटला उभा राहतो आणि तुमचा एकमेव प्रत्यक्षदर्शी बाटलेला असतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीदाराची साक्ष नाकारलीच. एका आकड्यासाठी अख्खा साक्षीदार घालवायचा, हा कुठला हिशेब?

अर्धोन्मीलित :
मी समुपदेशनात संमोहन वापरते, म्हणून लिहिते. फ्लोरेसच्या केसमध्ये चूक त्या अननुभवी अधिकाऱ्याची होती. शिकाऊ माणसाने घोळ घातला म्हणून आपण शस्त्रक्रिया बंद करतो का? संमोहनाचे अभ्यासक मार्टिन ऑर्न यांनी घालून दिलेले नियम होते : संमोहन करणारा तज्ज्ञ पोलिसांशी बांधलेला नको, आधीची हकीकत नोंदवलेली हवी, सगळं चित्रित व्हायला हवं. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९८१ मध्ये असे नियम मान्य केले होते.

चिकित्सक चिमा :
अर्धोन्मीलित, त्याच न्यू जर्सीने २००६ मध्ये ते सोडून दिले. आणि खुद्द ऑर्न संमोहित आठवणींबद्दल सगळ्यात साशंक होते, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

तज्ज्ञाच्या हातूनही काय होतं ते बघा. लॉरेन्स आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा प्रयोग. सहज संमोहित होणारे २७ जण घेतले. एका ठरावीक रात्री आवाजाने जाग आली होती, असं संमोहनात त्यांच्या मनात भरवलं. असं काही झालेलं नव्हतं. संमोहनातून बाहेर आल्यावर १३ जण म्हणाले, हो, झालं होतं. त्याच वर्षी डायवन आणि बावर्स यांना दिसलं की संमोहित लोक नवे तपशील दुप्पट सांगतात, पण त्यातल्या चुका तिप्पट असतात. खाकीसाहेब, तुमचा जादाचा आकडा यातलाच कशावरून नाही?

खाकी (निवृत्त) :
आकडा चुकीचा असेल तर यादीशी जुळणार नाही, एवढंच. गाडी सापडेल किंवा नाही सापडणार. चेहऱ्याचं तसं नसतं, हे मात्र मान्य.

उलट तपास :
तुम्ही सगळे साक्षीदार म्हणजे सरकार पक्षाचाच धरून चालला आहात. आर्कान्सामधली व्हिकी रॉक आरोपी होती, नवऱ्याला गोळी घातल्याचा आरोप. संमोहनानंतर तिला आठवलं की ट्रिगरवर बोट नव्हतं, झटापटीत पिस्तूल आपोआप उडालं. तज्ज्ञाने पिस्तूल तपासलं तर ते खरंच सदोष निघालं. पण संमोहन झालंय म्हणून तिला ते सांगूच दिलं नाही. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की आरोपीचं तोंड असं सरसकट बंद करता येत नाही. काळा कोट, तुमच्या सरसकट बंदीत ही बाई बसते का?

काळा कोट :
नाही बसत. आरोपीला सूट द्या, माझी ना नाही. त्याने निर्दोषत्व सिद्ध करायचं नसतं, नुसता संशय निर्माण केला तरी पुरे. सरकार पक्षाला ती सवलत कशाला? आणि रॉकच्या केसमध्येही वजन पडतं ते पिस्तुलाच्या तपासणीचं.

चिकित्सक चिमा :
मुळात संमोहनाची गरजच काय? फिशर आणि गिझेलमन या मानसशास्त्रज्ञांची मुलाखतीची पद्धत आहे. साक्षीदाराला मनाने त्या जागी न्यायचं, मध्ये तोडायचं नाही, शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायचं. १९८५ मध्ये तुलना करून पाहिली तेव्हा नेहमीच्या चौकशीपेक्षा संमोहनाने जास्त बरोबर तपशील मिळाले, आणि या मुलाखतीनेही मिळाले.

खाकी (निवृत्त) :
मध्ये तोडायचं नाही! ठाण्यात एकदा बसून बघा. आपल्याकडे साक्षीदार बोलतो आणि जमादार स्वतःच्या भाषेत लिहितो : "सदर इसम मी समक्ष पाहिल्यास ओळखीन." हे वाक्य साक्षीदार कधी बोललेलाच नसतो. खाली त्याची सहीही घेत नाहीत. फ्लोरेसच्या त्या सत्राची निदान टेप होती, म्हणून आज आपण त्यावर भांडतोय. आपल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जबानीचं चित्रण "करता येईल" असं आहे, "करावं" असं नाही. वकीलसाहेब, बंदीच्या आधी तेवढं बदलून घ्या.