‘गाडी रडतीये’ म्हणजे नेमकं काय? आणि ‘सायलेंट’ क्राऊन-पिनियनला मराठीत काय म्हणायचं?

एमएच_पंधरा:
नमस्कार मंडळी, प्रश्न शब्दाचा आहे पण त्यात माझे पैसे पण अडकलेत म्हणून जरा लांबण लावतो. आमची पिकअप आहे, सीझनला पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून वाशीला जाते. मागच्या ॲक्सलमधून आवाज यायला लागलाय. नाशिकला द्वारकेजवळ एकाला दाखवली तर तो म्हणे “गाडी रडतीये, क्राऊन-पिनियन टाका नवीन”, म्हणजे त्या ॲक्सलमधली गिअरची जोडी, मोठा क्राऊन आणि छोटं पिनियन. आडगावला दुसऱ्याकडे नेली, तो म्हणे “रडत नाही, घुमतीये, आधी बेअरिंग बघू”. आणि घरी आमचे नाना म्हणतात गाडीला घरघर लागली, विकून टाक. आता हे तिघं एकाच आवाजाबद्दल बोलतायत का तीन वेगळ्या, तेच मला कळेना. वर पार्टवाला विचारतो “सायलेंट पाहिजे का साधा?” अहो, मुद्दाम आवाज करणारा कोण विकत घेतं? तर गॅरेजच्या भाषेत रडणं, घुमणं, घरघर यात खरंच फरक आहे का, आणि या सायलेंटला आपला शब्द काय?

शुद्धमती:
गिअरसाठी दंतचक्र हा शब्द आहेच. तेव्हा ‘निःशब्द दंतचक्र’. नाहीतर सरळ ‘मुकं चाक’.

द्राक्षबाग:
ताई, निःशब्द दंतचक्र मागितलं तर दुकानदार निःशब्द होईल. आणि गिअर पुल्लिंगी, म्हणजे ‘मुका गिअर’. काउंटरवर जाऊन “दादा, एक मुका द्या” म्हणून बघा आणि इथे येऊन सांगा काय झालं ते 😀

दातेरी:
मुक्याचं नंतर बघू. फरक आहे, आणि चांगला मोठा फरक आहे. मी सातपूरला गिअर कटिंगमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे माझ्या कानाला कसं लागतं ते सांगतो, दुसऱ्या गावात दुसरं म्हणत असतील.

रडणं म्हणजे एका पट्टीतला लांब सूर, ऊंऊंऊं असा, स्पीड वाढला की सूर पण चढतो. हा दात्यावर दाता बसताना येतो. त्यातही ॲक्सिलेटर दाबल्यावर रडते का सोडल्यावर, हे विचारायचंच, कारण दाबल्यावर दात्याची एक बाजू लोड घेते आणि सोडल्यावर दुसरी. फक्त दाबल्यावर रडली तर दाते झिजलेत नाहीतर सेटिंग हललंय, फक्त सोडल्यावर रडली तर मी आधी पिनियनचं बेअरिंग ढिलं झालंय का बघेन. घुमणं म्हणजे पारवा घुमतो तसं, जाड, खर्जातलं, ॲक्सिलेटर दाबा नाहीतर सोडा ते चालूच राहतं, ते बहुतेक वेळा बेअरिंग असतं. वळणावर घुमणं कमीजास्त झालं तर चाकाचं बेअरिंग. डांबरी सोडून काँक्रीटवर गेल्यावर आवाजच बदलला तर टायर, उगाच हाऊसिंग (ॲक्सलचं कवच) उघडायचं नाही. आणि सरळ जाताना गप पण फक्त वळताना खरखर, तर डिफरन्शियलच्या (वळताना दोन चाकं कमीजास्त फिरू देतो तो भाग) आतले छोटे गिअर, त्याचा क्राऊनशी काही संबंध नाही. गाडी उचलताना ‘खट्ट’ एकदाच होतं तो प्ले, म्हणजे ढिलेपणा, तो क्राऊनमधला असेल नाहीतर जॉइंटचा असेल.

फक्त एक घोळ आहे. ‘गाडी चढावर रडते’ असं पण लोक म्हणतात, तिथे अर्थ इंजिन ओढत नाही असा असतो. म्हणून मिस्त्रीला नुसतं रडते सांगू नका. घरघर हा आवाज नाही, तो नानांचा निकाल आहे.

काळी_दोन:
एका पट्टीतला सूर म्हणालात म्हणून राहवलं नाही, मी हार्मोनियमवाला. क्राऊनला ४१ दाते धरा, पिकअपचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं, ताशी ६० ला चाकाच्या सेकंदाला जवळजवळ आठ फेऱ्या होतात, म्हणजे सेकंदाला सव्वातीनशे दाते एकमेकांना भिडतात. पेटीच्या मध्य सप्तकातली पांढरी तीन ही पट्टी सेकंदाला ३३० कंपनांना असते. म्हणजे गाडी ६० ला पांढरी तीनच्या आसपास लागणार. मोबाईलवर ट्यूनर, म्हणजे सूर ओळखणारं ॲप, लावून बघा, सूर जुळला तर दातेच आहेत हे नक्की. बेअरिंग असं सुरात रडत नाही हो.

दातेरी:
वा! हे आम्ही मशीनवर मोजायचो, पेटीवर कधी लावलं नव्हतं.

एमएच_पंधरा:
काल कसाऱ्याला जाऊन आलो. ५५ ते ६० मध्ये दाबून धरली की ऊंऊं, सोडली की गप, घाट उतरताना एकदम शांत. ट्यूनरने पांढरी तीनच्या जरा खाली दाखवलं. म्हणजे रडणंच. आता सांगा पार्ट कुठला घेऊ? दुकानात ओरिजिनल, ओई, कंपनी, लोकल असे इतके शब्द ऐकले की डोकं फिरलं.

द्राक्षबाग:
‘कंपनीचा’ म्हणजे काय हे मला पण विचारायचंय, कारण प्रत्येक पार्ट कुठल्यातरी कंपनीचाच असतो ना. आमच्याकडे तीन दुकानात तीन अर्थ निघाले.

दातेरी:
हे शब्द सोडून द्या, एकच शब्द धरा, जोडी. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून बसवतात, त्याला लॅपिंग म्हणतात, दोघांच्या मध्ये बारीक पावडरचं तेल सोडून फिरवायचे. मग ते दोघं एकमेकांचे झाले. दोघांवर एकच जोडीचा नंबर कोरलेला असतो. बैलजोडीसारखंच आहे, एक बैल विकून त्या जागी दुसरा बांधला की नांगर सरळ चालत नाही, कितीही गुणी असला तरी. म्हणून दुकानात बॉक्स उघडून दोन्ही नंबर वाचायचे. नुसतं पिनियन बदलून देतो म्हणणाऱ्याला हात जोडायचे. सायलेंट म्हणून वेगळी जात नसते, जोडी नीट लॅप झालेली आणि नीट बसवलेली असली की ती सायलेंट. काही गिअर लॅपऐवजी ग्राइंड करतात, ते पण चांगले.

दुसरं, दाते मोजून घ्या. ४१ ला १० म्हणजे ४.१. मुद्दाम ४० ला १० करत नाहीत, कारण मग पिनियनचा प्रत्येक दाता कायम त्याच चार दात्यांवर आपटणार. ४१ आणि १० ला सामायिक भाजक नाही म्हणून प्रत्येक दाता दुसऱ्या बाजूच्या सगळ्यांना भेटून येतो आणि झीज वाटून जाते. इंग्रजीत याला शिकारी दाता म्हणतात, मला तो वारकऱ्यासारखा वाटतो, असो.

शुद्धमती:
‘दाता’ एकवचन बरोबर लिहिलंत, करवतीचे नि फणीचेही दातेच. दात तोंडातले. आणि मगाशी राहिलं, ॲक्सलला मराठीत आस म्हणतात, बैलगाडीचा असतो तो. मूळ संस्कृत अक्ष, आणि इंग्रजी ॲक्सल त्याच घराण्यातला. त्यामुळे त्या शब्दावर माझा राग नाही.

वंगण:
जोडी चांगली घेऊन बसवणाऱ्याने वाट लावली तर? माझ्या पहिल्या गाडीला नवा सेट तीन महिन्यात रडायला लागला. गॅरेजचं नाव घेत नाही. त्याने जुन्याच शिम (मापाच्या पातळ चकत्या) तशाच ठेवल्या होत्या. पिनियन किती आत बसतं ते शिमवर ठरतं आणि प्रत्येक जोडीचं माप जरा वेगळं असतं. नंतर आमच्या जुन्या मिस्त्रीने शेंदूर तेलात कालवून दात्यांना लावला, फिरवला, आणि दात्यावर कुठे पुसला गेला ते दाखवलं. पार कडेला. मधोमध यायला पाहिजे. मग शिम बदलल्या, डायल लावून प्ले मोजला, ०.१५ ते ०.२० मिमी ठेवला, पण सेट तोवर बिघडला होता तो काही पूर्ण गप झाला नाही. एकदा चुकीचे घासले गेलेले दाते परत सेटिंगने सुधारत नाहीत. जाड तेल टाकून आवाज दाबणारे आणि गाडी विकायच्या आधी हाऊसिंगमध्ये भुसा टाकणारे पण ऐकलेत, सेकंडहँड घेताना तेल काढून बघा.

(शेंदरात शिसं असतं, हात धुवा. आता पिवळी पेस्ट मिळते.)

द्राक्षबाग:
त्या पुसलेल्या खुणेला शब्द काय? ‘पॅटर्न’ नको. मी ‘ठसा’ सुचवतो.

शुद्धमती:
ठसा छान!

दातेरी:
ठसा चालेल. आणि गिअरचं तेल जीएल-५ दर्जाचंच टाका, गाडीच्या पुस्तकात असेल त्या ग्रेडचं. या गिअरमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसलेलं असतं, त्यामुळे दाते नुसते दाबत नाहीत, घसरतात पण, साधं तेल तिथे टिकत नाही. जीएल-५ मध्ये गंधकाची संयुगं असतात, ती लोखंडावर थर धरतात. त्याचा वास म्हणूनच तसा.

एमएच_पंधरा:
अपडेट. पहिल्या दुकानात बॉक्समध्ये पिनियनवर एक नंबर आणि क्राऊनवर दुसरा, विचारलं तर म्हणे “चालतं भाऊ”. बाहेर पडलो. दुसरीकडे जोडी मिळाली. आडगावच्याच मिस्त्रीकडे बसवली, समोर उभा राहिलो. त्याला म्हटलं ठसा दाखवा, तर तो बघतच राहिला, मग शेंदराचं बोट पुसत म्हणाला “हां, गंध! या, बघा, मधोमध लागलंय”. पहिले ८०० किलोमीटर माल कमी भरायचा आणि मग तेल बदलायचं असं सांगितलंय. काल पेठ रोडला रिकामी चालवली, ६० ला ट्यूनरने काहीच पकडलं नाही, फक्त काच खडखडते ती ऐकू यायला लागली.

शुद्धमती:
ठसा मागे घ्या. गंध.