दुसऱ्यांदा वाढायला कोण येतं? (बेळगावातलं बाहेरचं जेवण)

शहापूरकर:
गेल्या रविवारी पुण्याहून आत्याची मंडळी आली होती. घरात पाच माणसं, गॅस संपत आलेला, म्हणून सगळ्यांना खानापूर रोडवरच्या एका नव्या झगमगीत हॉटेलात नेलं. नाव सांगत नाही, उगीच भांडण नको. मेनूकार्ड चौदा पानांचं. पनीरच्या तीन भाज्या मागवल्या आणि तिन्हींचा रस्सा एकाच पातेल्यातला निघाला. एकीत काजू, एकीत मलई, एकीत ढबू मिरची, एवढाच काय तो फरक. पहिली रोटी यायला पाऊण तास. बिल असं: जेवण २,०००, सर्व्हिस चार्ज २००, त्या सगळ्यावर जीएसटी ११०, एकूण २,३१०. निघताना मॅनेजरनं मोबाईल पुढं केला, "सर, पाच स्टार द्या."

सोमवारी कोर्टात काम होतं. दुपारी एका गल्लीतल्या खानावळीत शिरलो. पाच टेबलं, फळ्यावर कानडीत लिहिलेलं, सांगणारा मराठीत सांगतोय. ताटात भरलं वांगं, मटकीची उसळ, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कच्च्या मेथीची चार पानं, कांदा, दही. भाकरी तव्यावरून थेट ताटात. वरचा पापुद्रा फुगलेला, बोटानं फोडला तर वाफेनं बोट भाजलं. त्या पोकळीत चटणी सारली, वरून तेल सोडलं. वाटी अर्धी झाली असेल नसेल, मालक न विचारता आमटीचं भांडं घेऊन हजर. "बसा की, भाकरी येतेय अजून." शंभर रुपये.

माझं मत असं झालंय की पहिलं ताट कुणीही नटवून देईल. दुसऱ्यांदा वाढायला कोण येतं, कधी येतं आणि तोंड कसं करून येतं, ते बघून मी परत जायचं की नाही ते ठरवतो. तुमचं काय?

दुसरं गेट:
तुम्ही सोमवारी एकटे होता हो. तिथंच सगळा फरक पडला. माझ्या आईचे गुडघे गेलेत, बाकड्यावर बसली की उठवायला दोघं लागतात. पोराला तिखट चालत नाही, बायकोची संकष्टी, वडलांना भात सोडून काही गोड लागत नाही. या चौघांना घेऊन मी गल्लीत कार कुठं लावू? तुम्ही ज्या चौदा पानांना हसताय ना, त्यातल्या एका पानावर साबुदाणा असतो, एकावर नूडल्स असतात. खुर्चीला पाठ असते. एसी असतो. एप्रिलात टिळकवाडीत लाइट गेली तर जनरेटर लागतो.

पाऊण तास लागला म्हणता. आमच्या घरात चौघं एका टेबलावर पाऊण तास बसलेत असं वर्षातून किती वेळा होतं?

आणि एक विचारू? बेळगावात पुण्याचे पाहुणे आले नि त्यांना पनीर खायला घातलंत? चूक हॉटेलची की तुमची?

निपाणीकर:
😂 शेवटच्या ओळीसाठी दुसऱ्या गेटला माझ्याकडून चहा.

पण दोघंही चुकताय. वाढणारा हसला काय, रडला काय, मला घेणं नाही. एका पदार्थासाठी जायचं, तो खायचा, यायचं. आमच्याकडं हायवेच्या आत एक जण फक्त रविवारी मटण करतो. दीड वाजता पातेलं संपलं की शटर खाली. माणूस जन्मात हसला नसेल. दुसऱ्यांदा रस्सा मागितला तर आपल्याकडं न बघता "संपला" म्हणतो, आणि शेजारच्या टेबलावर ओततो. तरी मी अकरा किलोमीटर जातो. कारण त्याच्या रश्श्यात रंग ब्याडगीचा असतो आणि जाळ संकेश्वरी मिरचीचा. ब्याडगी दिसते लालभडक, पण तिखटपणा कमी. संकेश्वरी उलट, ती घशाला भेटते. दोन्ही घेऊन प्रमाण जमवावं लागतं, त्यात भाजलेलं खोबरं, तीळ, कोळपलेला कांदा. तुमच्या झगमगीत हॉटेलात नुसती रंगाची पावडर असते, म्हणून तीन भाज्या एका चवीच्या.

बेळगावकर बोलायला गोड आणि खायलापण गोडच. कुंद्याचं गाव, काय बोलायचं.

शहापूरकर:
कुंद्यावर यायचं काम नाही. 🙂 निपाणीकर, शेजारच्या टेबलावर ओततो आणि तुम्हाला संपला सांगतो, तरी तुम्ही जाता, याला चव म्हणत नाहीत, याला सवय म्हणतात.

खानापूरची सून:
शहापूरचे दादा, तुम्ही दुसऱ्यांदा वाढायचं बोलताय, आम्हाला पहिल्यांदा बसायला कुठं देतात ते सांगते.

जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट झाली. सासूबाईंचं डोळ्यांचं औषध, लग्नाची खरेदी, काही ना काही निमित्तानं आम्ही दोघी महिन्यातून दोनदा तरी बेळगावात असतो. मागं अशाच एका खानावळीत गेलो. सगळी पुरुषमंडळी, सगळ्या माना वळल्या. पोरगा म्हणाला, "फॅमिली? आत जावा." आत म्हणजे प्लायवूडचा कप्पा. एका भिंतीला १९ किलोचे तीन सिलेंडर उभे, पंखा नाही, पडद्याला हात पुसलेले. तिथं आम्ही वीस मिनिटं बसलो. दुसऱ्यांदा सोडाच, पहिल्यांदा कुणी आलं नाही, कारण पडद्यामागचं गिऱ्हाईक गल्ल्यावरून दिसतच नाही.

तेव्हापासून स्टँडजवळच्या उडपी हॉटेलात जातो. इडली-वडा, नंतर एक कॉफी बाय टू. त्यांना बाय टू सांगितलं की तोंड वाकडं करत नाहीत, दोन पेले भरून आणतात. आणि संडासाला आतून कडी लागते. तुम्हाला हसू येईल. सासूबाई सकाळी सातला घरातून निघालेल्या असतात आणि कडी नसेल तर मी बाहेर दार धरून उभी असते, पिशव्या सांभाळत. बेळगावातली कुठली कडी लागते आणि कुठली नाही हे मला पाठ आहे. भाकरी कितीही फुगू दे.

दुसरं गेट:
+१. हेच मी म्हणत होतो.

खानापूरची सून:
नाही, तुम्ही एसी म्हणत होता.

बिलाकडे बघा:
चर्चा छान, पण ते २०० रुपये कुणी परत मागितले का? सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. तुमच्याकडून २२०० वर ५ टक्के घेतलेत, म्हणजे सर्व्हिस चार्जवरही कर भरलात. दुसऱ्यांदा वाढायला कुणी आलं नाही, त्याचे दहा टक्के.

शहापूरकर:
पाहुण्यांसमोर कुठं वाद घालू? आत्या आधीच "मी देते, मी देते" करत पर्स उघडून उभी होती. पण पुढच्या वेळी काढायला लावतो.

ताई, कडीचं सगळं मान्य. मी तसा विचारच केला नव्हता, हे कबूल करतो. तरी एक सांगा, त्या उडपी हॉटेलात सांबाराची बादली घेऊन फिरणारा माणूस येतो की नाही? वडा सांबारात बुडेपर्यंत ओततो की नाही? मग माझ्याच बाजूचं बोलताय तुम्ही.

खानापूरची सून:
येतो. पण तो नसता तरी मी गेले असते.

तवा गरम:
मी इथं वाचतो फक्त, लिहीत नाही. पण खानावळ माझीपण आहे, तेव्हा चार गोष्टी. (शहापूरकर, तुम्ही माझ्याकडं आला होता की नाही माहीत नाही, कोर्टाची माणसं रोज येतात.)

दुसऱ्यांदा वाढायला मालक येतो यात तुम्हाला माया दिसली. मी येतो कारण पोरं टिकत नाहीत. कामाला लागलं, दोन महिन्यांत हात बसला की गोव्याला. तिथं पगार जास्त, वर टिप. मग गल्ल्यावर बायको, वाढायला मी.

भाकरीचं ऐका. दोन मावश्या सकाळी दहाला येतात. ज्वारी रोजच्या रोज दळून आणावी लागते. पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, मग थापताना कडा फाटतात, उचलायला गेलं की तुकडा हातात. उकळतं पाणी घालून वेळ मारून नेता येते, पण खाणाऱ्याला कळतं. म्हणून पीठ मोजून आणतो. वीस माणसं जास्त आली तर चपातीवर भागवा म्हणतो, आणि त्याच दिवशी कुणीतरी मोबाईलवर एक स्टार देतं, "भाकरी संपली म्हणाले". डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की बंदोबस्ताचे पोलीस येतात, त्या दिवसांत तर अंदाजच लागत नाही.

ॲपवर का नाही, असं विचारतात. भाकरी डब्यात घातली की अर्ध्या तासात चामडं होतं. आणि त्यांचं कमिशन जाऊन शंभराच्या ताटात मला उरणार काय? मी जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या योजनेत आहे, ५ टक्के कर खिशातून भरतो, बिलात वेगळा लावता येत नाही. तुम्ही आमटी तिसऱ्यांदा घेता तेव्हा मी हसतो, पण मनात मटकीचा भाव चालू असतो.

वहिनी, तुमचं वाचून वाईट वाटलं. तो कप्पा माझ्याकडंपण होता. आधीच्या मालकानं केलेला. आता पडदा काढलाय, दोन टेबलं भिंतीकडं बायकांसाठी ठेवतो. कॉलेजच्या पोरी येऊन बसतात, पहिल्यांदा आल्या तेव्हा जुनी गिऱ्हाइकं जरा अवघडली, आता सवय झालीय. संडास मात्र वाड्याचा आहे, सात बिऱ्हाडांचा. तो माझ्या हातात नाही.

निपाणीकर:
बघा. पीठ मोजून आणतो, संपलं की संपलं म्हणतो. माझा मटणवाला आणि हे एकाच जातीचे. हसण्यानं काही होत नाही, पातेलं संपायला पाहिजे.

शहापूरकर:
पण हे हसतात की हो. मनात भाव चालू असताना हसतात, मला तर आता जास्तच कौतुक वाटायला लागलं. झगमगीत हॉटेलातल्या मॅनेजरनं बिल द्यायच्या आधी एकदा टेबलाकडं येऊन बघितलं असतं तरी मी पनीर विसरलो असतो.

दुसरं गेट:
तवा गरम, मी हरलो असं समजू नका. पण आईनं हे सगळं माझ्या मोबाईलवर वाचलं आणि आता तिला वांगं-भाकरी खायचीय. पायरी किती उंच आहे? आणि खुर्ची एखादी?

तवा गरम:
एकच पायरी. गटारीवरची फरशी हलते, मी हात देतो. खुर्ची गल्ल्याची आहे, ती देतो, बायको उभी राहील. गाडी मारुती देवळापाशी लावा, तिथून चालत दोन मिनिटं. अकराच्या आत सांगा, किती भाकऱ्या धरू.

दुसरं गेट:
चार माणसं. आई तीन खाईल, लिहून ठेवा. पोराला दहीभात.

खानापूरची सून:
कडीचं काय?

तवा गरम:
नाही अजून. खोटं सांगत नाही.

खानापूरची सून:
मग आम्ही इडलीच खातो. सासूबाईंना तुमची चटणी आवडेल असं वाटतंय, पावशेर बांधून ठेवाल? शुक्रवारी बस स्टँडकडं जाताना घेते.