सापेक्ष तारखांचा अर्थ डेटाबेसने लावावा का?

कोथरूडकर: पुण्यातील एका पतसंस्थेच्या कर्जवसुलीच्या प्रणालीवर काम करताना माझे मत पक्के झाले आहे की, ‘आज’ किंवा ‘महिन्याभराने’ यांसारख्या शब्दांवरून नेमकी तारीख काढण्याचे काम डेटाबेसवर सोपवू नये. ३१ जानेवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवला, तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस २८ फेब्रुवारी देतात, एसक्यूलाइट हा डेटाबेस मात्र, वेगळी सूचना न दिल्यास, ३ मार्च देतो. डेटाबेस बदलला म्हणून कर्जदाराच्या हप्त्याची तारीख बदलणे मला अजिबात मान्य नाही. हा हिशेब अ‍ॅप्लिकेशनने एकदाच करावा आणि डेटाबेसात ठरलेली तारीखच साठवावी.

पर्वतीपायथा: मी असहमत आहे. वेबसाइट, मोबाइल अ‍ॅप आणि रात्रीचा अहवाल या तिघांनी आपापल्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) तारखा काढल्या, तर तीन नियम तयार होतात. डेटाबेसात नियम एकच राहतो आणि घड्याळही एकच. पोस्टग्रेसमधील ‘नाऊ’ हे फंक्शन व्यवहार (डेटाबेसात एकत्र पूर्ण होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देते, त्यामुळे एका व्यवहारातील सर्व नोंदींवर तीच वेळ पडते, आणि हिशेब तपासणाऱ्याला हेच हवे असते. हप्त्यांचे म्हणाल, तर खरा घोटाळा मागच्या हप्त्यात महिना मिळवत गेल्याने होतो: २८ फेब्रुवारीनंतर २८ मार्च येतो, पण मूळ ३१ जानेवारीत थेट दोन महिने मिळवले तर ३१ मार्च मिळतो. ही चूक अ‍ॅप्लिकेशनमध्येही तितक्याच सहजपणे होईल.

कोथरूडकर: मूळ तारखेपासून मोजावे, हे योग्यच आहे. परंतु एसक्यूलाइटचा ‘नाऊ’ यूटीसीनुसार (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेनुसार) चालतो, त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत पुण्यातल्या माणसाला ‘आज’ म्हणून कालची तारीख मिळते. पोस्टग्रेसमध्येही रकान्याचे पूर्वनिर्धारित मूल्य (नोंदीत काही न दिल्यास आपोआप भरले जाणारे) म्हणून ‘नाऊ’ हा शब्द फंक्शनऐवजी टाइमस्टॅम्प (तारीख-वेळ) प्रकाराच्या अक्षरमूल्याच्या रूपात लिहिला, तर टेबल तयार झाल्याची वेळ कायमची गोठते आणि पुढच्या प्रत्येक नोंदीला तीच चिकटते.

पर्वतीपायथा: म्हणूनच तेथे फंक्शन वापरायचे असते आणि सत्राचा (डेटाबेसशी झालेल्या जोडणीचा) कालविभाग ‘एशिया/कोलकाता’ असा स्पष्टपणे ठरवायचा असतो. एसक्यूलाइटमध्येही ‘लोकलटाइम’ ही स्थानिक वेळ देणारी सूचना जोडता येते, मात्र सर्व्हरचा कालविभाग भारताचा असायला हवा.

मुठाकाठ: आपण दोघे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजत आहात, असे मला वाटते. कर्जदाराने ‘पुढच्या सोमवारी भरतो’ असे सांगितले असेल, तर ते शब्द, सांगितल्याची वेळ आणि कर्मचाऱ्याने त्याच्याकडून पक्की करून घेतलेली तारीख, असे तिन्ही साठवावे, म्हणजे पुढे वाद झाल्यास मूळ बोलणे हाती राहील. ‘गेल्या ३० दिवसांची थकबाकी’ हा प्रश्न मात्र रोज नव्याने विचारला जातो. त्याचे उत्तर क्वेरीनेच (डेटाबेसला माहिती विचारणाऱ्या आज्ञेनेच) काढावे, आणि अहवालाची तारीख तिला बाहेरून द्यावी, म्हणजे मागील महिन्याचा अहवाल त्या वेळच्याच कालावधीसाठी पुन्हा काढता येईल.